उघडी दारे

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी स्कॉटलंडच्या उत्तरेला, 9 अंश तापमानाच्या पाण्यात, एका बुडालेल्या युद्धनौकेच्या अंगाला हात लावून आलो. आणि शेवटच्या आठवड्यात सांगलीत, गावभागातल्या आमच्या घराच्या सोप्यात, तिचे फोटो आईला दाखवत बसलो होतो. आई लोणच्यासाठी फोडून आणलेल्या कैऱ्यांची एकेक फोड फडक्याने पुसत होती. तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला, दोन फोटो पाहिले, तिसऱ्यावर थोडी थांबली आणि मोबाइल माझ्या हातात परत देत म्हणाली, "बुडालेलं काय बघायचं असतंय रे?" तिच्या आवाजात राग नव्हता आणि टोमणाही नव्हता; तिला ते खरोखरच विचारायचे होते. मी काहीतरी इतिहासाचे बोलायला लागलो, तोवर ती पुन्हा फोडींकडे वळली होती. कैरीचा आंबट वास सोप्यात भरून राहिला होता आणि माझे वाक्य अर्धेच राहिले.

ते अजून अर्धेच आहे.

पाण्याखाली जाण्याची ओढ मला लागली ती इथेच. हरिपूरच्या वाटेवर आजोबांच्या एका स्नेह्यांचा मळा होता आणि त्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला रिकामा तेलाचा डबा बांधून, माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, मला पोहायला शिकवले. डबा सुटल्यावर आम्हा मुलांचा खेळ एकच असे: बुडी मारून तळाची माती वर आणायची. वर आल्यावर मूठ उघडली आणि तीत माती निघाली, तरच तो गडी तळाला जाऊन आला असे मानले जाई. उन्हाळ्यात विहिरीचे वरचे पाणी कोमट असे, पण पुरुषभर खाली गेले की एकाएकी गारठ्याचा थर लागे, जणू अंगावर कोणी भिजवलेले पोते टाकावे तसा. बरीच मुले त्या थरापाशी परत फिरत. मला मात्र तो थर हवाहवासा वाटे, कारण त्यात शिरले की काठावरचा आरडाओरडा आणि मोटारीची धडधड एकदम मिटून जाई आणि उरत ते आपल्याच कानातले ठोके. पुढे मी तारकर्लीला रीतसर स्कूबा शिकलो, पण तिथले उबदार पाणी अंगाला लागतच नाही. आपण पाण्यात आहोत हे माणूस विसरून जातो. विहिरीतला तो गारठा मला पुन्हा भेटला तो नोकरीनिमित्त इंग्लंडला गेल्यावर, पाण्याने भरलेल्या एका जुन्या दगडखाणीत, जिथे मी ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा पोशाख, घालून बुडी मारायला शिकलो. पहिल्याच दिवशी, तोंडाला ते पाणी लागल्यावर, मला हरिपूरच्या विहिरीतल्या शेवाळाचा वास आल्याचा भास झाला होता. तोंडात सिलिंडरची हवा देणारा रेग्युलेटर असताना वास येणे शक्य नसते, हे मला माहीत आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेचे ते पाणी म्हणजे स्कापा फ्लो: ऑर्कनी बेटांनी वेढलेले, समुद्राचेच पण तळ्यासारखे निवांत. पहिले महायुद्ध थांबल्यावर, नोव्हेंबर 1918 मध्ये, जर्मनीच्या आरमाराची 74 जहाजे इथे आणून नजरकैदेत ठेवली गेली. सात महिने ती तिथे नांगरून होती. खलाशांना किनाऱ्यावर पाऊल ठेवण्याची परवानगी नव्हती. अन्न जर्मनीहून येई, आणि पुरेसे नसल्यामुळे ते डेकवरून गळ टाकून मासे धरीत. 21 जून 1919 च्या सकाळी ब्रिटिशांची मोठी जहाजे सरावासाठी बाहेर गेली असताना रिअर ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांनी आपलाच ताफा बुडवण्याचा संकेत दिला. जहाजांच्या तळाशी समुद्राचे पाणी आत घेण्याच्या झडपा असतात, त्या उघडल्या गेल्या. आतली दारे, झाकणे आणि गोल खिडक्या उघड्या राहतील अशी तजवीज खलाशांनी आधीच करून ठेवली होती, म्हणजे पाणी कुठल्याही खोलीपाशी अडू नये. आणि उघडलेल्या झडपा कोणी परत येऊन बंद करू नयेत म्हणून त्यांच्या किल्ल्या आणि दांडे त्यांनी समुद्रात फेकून दिले. त्या दिवशी 52 जहाजे तळाला गेली. नेमक्या त्याच दिवशी स्ट्रॉमनेस गावातली शाळकरी मुले एका बोटीतून ही जहाजे पाहायला सहलीला आली होती. भोवतीची डोंगराएवढी जहाजे एकामागून एक कलंडताना, घंटा वाजताना, वाफेचे लोट उठताना त्या मुलांनी पाहिले. या साऱ्या इतिहासात मला राहून राहून आठवतात ती ही मुले, कारण घरी गेल्यावर आयांनी त्यांना काय विचारले असेल आणि त्यांनी काय सांगितले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

जाण्याआधी फोनवर आईने एकच चौकशी केली होती. "आत माणसं गेलेली आहेत का?" मी म्हणालो, नाही, ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या गोळीबारात त्या दिवशी नऊ जर्मन मेले, पण बाकीचे सारे होड्यांतून बाहेर पडले होते. "मग ठीक," ती म्हणाली होती. मला तिची ती चौकशी योग्य वाटते. त्याच स्कापा फ्लोमध्ये 'रॉयल ओक' ही ब्रिटिश युद्धनौकाही पडलेली आहे. 14 ऑक्टोबर 1939 च्या रात्री जर्मन पाणबुडीने तिला बुडवले, तेव्हा आठशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. तिथे बुडी मारायला बंदी आहे, ती जागा कबर मानली जाते, आणि वर फक्त एक बोया तरंगत असतो. आमचा वाटाड्या, साठीचा गृहस्थ, तिच्याविषयी बोलताना आवाज खाली आणी. बंदी नसती तरी मी तिथे उतरलो नसतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली, त्यानंतर नदीच्या त्या वळणाकडे नुसते पाहतानाही आमच्याकडची माणसे गप्प होतात. काही पाण्यात शिरायचे नसते.

आम्ही उतरलो ते 'कोल्न' या क्रूझरवर, म्हणजे हलक्या, वेगवान युद्धनौकेवर. दीडशे मीटरहून लांब असलेले हे जहाज 36 मीटर खोलीवर उजव्या कुशीवर आडवे झालेले आहे. सकाळी मासेमारीच्या जुन्या बोटीवर आम्ही तयारी केली. लोकरीच्या थरावर ड्रायसूट, त्यावर पाठीला दोन सिलिंडर, कमरेला शिसे, हातात जाडजूड मोजे. जोडीदाराने पाठीमागची चेन ओढून लावली आणि ती दोनदा तपासली, कारण ती चार बोटे उघडी राहिली तरी ते पाणी माणसाला कापून काढते. पाण्यात उडी मारल्यावर अंगाला काहीच लागत नाही. लागते ते फक्त ओठांना आणि गालांना, आणि काही क्षणांत कपाळात अशी कळ उठते की बर्फाचा गोळा घाईने खाल्ल्यावर उठावी. नंतर ओठ बधिर होतात आणि कळ निवते. जहाजाला बांधलेल्या दोराला धरून आम्ही खाली निघालो. दर दहा मीटरला पाण्याचा भार हवेच्या एका पूर्ण दाबाइतका वाढतो, ड्रायसूट अंगाला चिमटे घेऊ लागतो आणि त्यात थोडीथोडी हवा सोडत राहावी लागते. तीस मीटरवर एकेक श्वास वरच्या चार श्वासांइतकी हवा खातो. माझ्या मोज्यावर लाल पट्टी होती; ती आधी तपकिरी झाली, मग काळी. चहूकडे नुसते हिरवे, पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या हौदासारखे, आणि त्या हिरव्यात खाली एक जागा बाकीच्यापेक्षा दाट दिसू लागली. ते ढग असावे असे आधी वाटले, मग त्याला कड आली, आणि मग कळले की ती कड कुठे संपतच नाही.

त्या पहिल्या मिनिटात सर्वांत अवघड गेले ते जहाजाचे आडवेपण डोक्यात बसवणे. डेक म्हणजे ज्यावर चालायचे ती जमीन, आणि इथे ती जमीन भिंतीसारखी उभी होती. तिच्यातून तोफ खुंटीसारखी बाहेर आलेली होती. कठडा डोक्यावरून गेला होता. चढायची शिडी आडवी झाली होती आणि तिच्या पायऱ्यांमधून एक मासा सावकाश ये-जा करीत होता. मी नकळत मान कलती करून पाहू लागलो, तसे सारे क्षणभर जागच्या जागी आले आणि जहाज उभे राहिले. मान सरळ केली की पुन्हा आडवे. लोखंडाचा म्हणून एक इंचही उघडा नव्हता. सगळीकडे पांढरी आणि नारिंगी समुद्रफुले उगवलेली होती, आणि मधूनमधून फिकट, गुबगुबीत बोटांचे झुबके असलेले मऊ प्रवाळ होते. तिकडचे पाणबुडे त्याला 'मेलेल्या माणसाची बोटे' म्हणतात. टॉर्च पडला की ती बोटे उजळत आणि टॉर्च हलला की पुन्हा राखाडी होत.

वाटाड्याने एका जागी टॉर्च गोल फिरवून मला बोलावले. तिथे दार होते. कुशीवर पडलेल्या जहाजातले दार म्हणजे पायाखालचा किंवा डोक्यावरचा झरोका असतो. हे माझ्या छातीच्या पातळीला, आडवे होते. त्याची पोलादी फळी पूर्ण उघडून बाजूला टेकलेली होती, आणि बिजागरी समुद्रफुलांनी अशी भरून गेली होती की आता कोणत्याही बळाने ती मिटली नसती. आत शिरायचे नाही, हे आधीच ठरले होते. माझी तेवढी तयारी नव्हती आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही. मी चौकटीला हात न लावता आत प्रकाश टाकला. मला त्या वेळी आजोबांचे पेव आठवले. सांगलीच्या हळदीची पेवे हरिपूरला आणि सांगलीवाडीला जमिनीत खोदलेली असत, तोंड अरुंद आणि पोट मोठे. वर्ष-दोन वर्षांनी पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड बराच वेळ मोकळे ठेवत, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडत, आणि कंदील विझला नाही तरच माणूस जाई. लहानपणी एकदा मी त्या तोंडाशी पालथा पडून खाली जाणारा तो कंदील पाहिला होता: प्रकाशाचा एक गोळा, आणि त्याच्या भोवती हळदीचा पिवळा, न हलणारा अंधार. 2005 च्या महापुराने ती पेवे भरली, हळद मातीमोल झाली आणि पुढे पेवांची रीतही मोडत गेली. कोल्नच्या त्या दारातून आत सोडलेला माझा टॉर्च तसाच वाटला. आत काही नव्हते म्हणण्याइतके थोडे होते. एक वाकलेला नळ, कशाची तरी चौकट, आणि ज्या भिंतीची आता जमीन झाली होती तिच्यावर गाळ, मैद्यासारखा बारीक, कोणीही न विस्कटलेला.

मागे सरकताना माझा पाय थोडा खाली आला. पायातल्या फिनचे, म्हणजे पोहण्याच्या रबरी पंखाचे, टोक गाळाला लागले असावे. तपकिरी धूर उठला आणि दोन श्वासांच्या आत दार, तोफ, शिडी, वाटाड्याचा टॉर्च, सारे नाहीसे झाले. अशा वेळी हलायचे नसते. मी हलत नव्हतो, पण माझा श्वास मला ऐकू येत होता आणि तो जलद होत चालला होता. मग दंडाला एक हात लागला, त्याने मला हळूच वर ओढले आणि आम्ही स्वच्छ पाण्यात आलो. फार तर अर्धे मिनिट गेले असेल. त्या अर्ध्या मिनिटात मला भीती वाटली, हे खरे. पण त्याहून स्पष्ट आठवते ते हे की तो गाळ माझ्या ओळखीचा होता.

2019 च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरले तेव्हा मी इंग्लंडमध्ये होतो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. आईबाबा वेळेत विश्रामबागेत मावशीकडे गेले होते, वीज गेली होती, फोन लागत नव्हते, आणि मी रात्र-रात्र मोबाइलवर मारुती चौकाची चित्रे पाहत होतो. कुणीतरी होडीतून काढलेल्या एका चित्रफितीत आमच्या गल्लीचे तोंड दिसले. कौलांच्या कडा आणि विजेचे खांब तेवढे वर होते. मी ती चित्रफीत थांबवून थांबवून आमचे घर शोधत राहिलो. मी पोहोचलो तोवर दहा दिवस उलटले होते आणि रेंदा निम्मा काढून झाला होता. जो उरला होता तो मी घमेल्याने बाहेर टाकला. वर चिरा पडलेला आणि आत लोण्यासारखा मऊ, तो कपाटाच्या बंद खणांतही होता, बरणीच्या झाकणाखालीही होता. फ्रिज तरंगून गेला होता आणि पाणी ओसरताना पलंगावर आडवा होऊन टेकला होता. पिठाचा डबा देवघरात सापडला. भिंतीवर पंख्याच्या थोडीशी खाली, फूटपट्टीने ओढावी तशी, पाण्याची रेघ उमटली होती. वासाबद्दल लिहिणे कठीण आहे. पण तोवर सारे हलवले गेले होते, सावरले गेले होते. पाणी आत असताना घर कसे होते, वस्तू अंधारात कशा उठल्या आणि कुठे कुठे जाऊन राहिल्या, ते कोणीच पाहिले नव्हते. आमचे घर बुडालेले असताना त्याच्याजवळ कोणी नव्हते. ही गोष्ट मला सलते, आणि ती सलते असे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये, म्हणजे आमच्या पुराच्या काही आठवडे आधी, स्कापा फ्लोच्या तळाशी असलेल्या चार जहाजांची इंटरनेटवरून विक्री झाली होती. तीन मोठ्या युद्धनौका प्रत्येकी 25,500 पौंडांना आणि 'कार्लस्रूहे' ही क्रूझर 8,500 पौंडांना गेली. बाकीची बहुतेक जहाजे तर पूर्वीच वर काढून मोडीत निघाली होती. 1920 च्या दशकात अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगार-व्यापाऱ्याने एकेक करून जहाजे वर आणली, त्यातली मोठी हवा भरून तरंगवून, आणि हे काम त्याला त्याआधी येत नव्हते. तळाशी राहिलेल्या सात जहाजांना 2001 पासून संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे. पाहता येते, पण तिथला एक खिळाही उचलता येत नाही. मालकी विकत घेणाऱ्यालाही नाही. हा नियम मला फार आवडला. विहिरीतून मूठभर माती आणून दाखवणाऱ्या मुलाला तो आवडला नसता. पण आता वाटते की रिकाम्या हाताने वर येणे हेही जमले पाहिजे. वर येताना सहा मीटरवर दोराला धरून आम्ही थांबलो, खालच्या दाबात श्वासातून अंगात मुरलेला नायट्रोजन वायू बाहेर पडेपर्यंत, आणि तिथे, काही करण्यासारखे नसताना, थंडी खरी कळली. बोटे एकेक करून परकी झाली. खाली पाहिले तर फक्त हिरवे होते. बोटीवर आल्यावर कोणी माझ्या हातात सूपचा कप दिला आणि तो मला दोन्ही तळव्यांनी धरावा लागला.

आईला यातले काहीच सांगता आले नव्हते. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती परातीत फोडींना मीठ-हळद चोळत होती. तिने मान वर न करता विचारले, "तो तिसरा फोटो दाखव बघू परत." मी मोबाइल तिच्यासमोर धरला, तिचे हात पिवळे झाले होते म्हणून तिने मलाच तो मोठा करायला सांगितला. ती वाटाड्याने काढलेली दाराची छबी होती.

"हे दार आहे नव्हं?"

"हो."

"उघडंच राहिलंय."

"उघडं ठेवलेलं होतं. मुद्दाम. पाणी सगळीकडं जावं म्हणून. आणि खालच्या झडपांच्या किल्ल्या समुद्रात टाकून दिल्या त्यांनी."

तिने फोडी चोळणे थांबवले. "आम्ही कुलूप लावून गेलो बघ," ती म्हणाली. "गुडघाभर पाणी होतं गल्लीत, बाबा होडीत बसलेले, होडीवाला घाई करत होता, आणि मी तिथं उभी राहून कुलूप ओढून बघतीय, लागलं का नीट." ते कुलूप मला आठवते. पाणी ओसरल्यावर त्यात किल्ली फिरेना. आत रेंदा घट्ट बसला होता, आणि शेजारच्या मुलाने पहार घालून कडी तोडली होती. ती उठली, हात धुऊन देवघरापाशी गेली आणि खणातून काहीतरी घेऊन आली. पितळी किल्ली होती, काळ्या दोऱ्यात ओवलेली, दातांच्या खाचांत अजून राखाडी रेघा असलेली. कुलूप भंगारात जाऊन किती वर्षे झाली. "टाकवत नाही," ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तिथला चिखल कोण काढतंय रे?"

मी म्हणालो, कोणी नाही; तिथे तो तसाच असतो.

तिने "हं" म्हटले. मघाशी फोडी पुसलेले फडके उचलून तिने किल्ली दोन्ही बाजूंनी पुसली आणि आत नेऊन ठेवली.